दोरी ओढून हात भरून येतात, तेव्हा कुठे इंजिन लागतं: जुन्या रोटाव्हेटरबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बागेतला जुना पेट्रोल रोटाव्हेटर, साइड व्हॉल्व्हचं (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असलेलं) सिंगल सिलिंडर फोर स्ट्रोक इंजिन, आत पॉइंट-कंडेन्सरवालं मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय चुंबकावर ठिणगी बनवणारी यंत्रणा; त्यातले पॉइंट म्हणजे उघड-मीट करून ठिणगी सोडणारा छोटा स्विच आणि कंडेन्सर म्हणजे त्याची तोंडं जळू न देणारा जोडीदार. थंड असताना वीस-पंचवीस वेळा दोरी ओढल्यावर कसंबसं लागतं, लागलं की मात्र माती छान उकरतं. बंद केलं की गरम असेपर्यंत पुन्हा लागत नाही. प्लग नवा घातला, कार्ब्युरेटर धुतला, फरक काही नाही. आणि आता कोणीतरी सांगतंय की इंजिनच बदला.

बदलू नका, निदान एवढ्यात तरी नको. ही इंजिनं सहजासहजी मरत नाहीत.

‘एकदा लागलं की नीट चालतं, म्हणजे करंटही ठीक आणि पेट्रोलही ठीक’ असं तुम्ही लिहिलंय. घोळ नेमका इथेच आहे. काम करताना हे इंजिन साधारण ३,००० ते ३,६०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) फिरतं. हाताने दोरी ओढता तेव्हा जेमतेम काही शे. मॅग्नेटोचा करंट, म्हणजे ठिणगीचा जोर, फ्लायव्हीलच्या (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या, चुंबक बसवलेल्या जड चाकाच्या) वेगावर अवलंबून, म्हणजे सुरुवातीला तो सगळ्यात कमजोर. कार्ब्युरेटर आत जाणाऱ्या हवेच्या ओढीवर पेट्रोल वर खेचतो, तीही सुरुवातीला सगळ्यात कमी. आणि पिस्टन सावकाश वर येत असल्यामुळे कॉम्प्रेशनला रिंगांमधून, व्हॉल्व्हमधून निसटायला भरपूर वेळ मिळतो. थोडक्यात, चालू इंजिनात झाकून जाणारा प्रत्येक दोष स्टार्ट करताना उघडा पडतो.

म्हणून जुन्या इंजिनात बहुतेक वेळा एखादी गोष्ट पूर्ण मेलेली नसते, तीन गोष्टी अर्ध्यामुर्ध्या असतात. प्लग बदलून फरक पडला नाही म्हणून ‘करंटचा प्रश्न नाही’ असं धरलंत, तर तिथेच वाट चुकते. एकेक भाग तपासायचा, मापात आणायचा, आणि लगेच फरक दिसला नाही तरी पुढच्या भागाकडे जायचं. तिन्ही जागेवर आले की इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला लागतं.

पाना हातात घेण्याआधी दोन फुकटच्या गोष्टी. पहिली, इंजिन फिरवताना सोबत आणखी काही फिरतंय का ते बघा. क्लचचा लिव्हर सोडलेला असताना बेल्ट खरंच सैल पडतो का? जुना बेल्ट पुलीला चिकटून बसतो, नाहीतर केबल आखडलेली असते, आणि तुम्ही इंजिनाबरोबर अख्खा गिअरबॉक्सही ओढत असता. दोरी जड लागते, वेग मिळत नाही आणि सगळा दोष कार्ब्युरेटरच्या माथी जातो. बेल्ट काढून एकदा दोरी ओढून पाहा, हाताला लगेच कळेल. दुसरी, ऑइल. एसएई ३० च्या जागी कुणी गिअर ऑइलसारखं जाड काही ओतलं असेल किंवा खुणेच्या वर भरलं असेल, तरी थंडीत इंजिन सुस्त फिरतं.

पेट्रोल किती जुनं आहे तेही बघा. पेट्रोलमधला जो हलका भाग थंड इंजिनात पटकन वाफ होऊन पेटतो, तोच आधी उडून जातो. उरलेलं पेट्रोल गरम इंजिनात जळतं, थंड इंजिन पेटवायला मात्र कामाचं नाही. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी टाकीच्या तळाशी बसतं. वॉर्निशसारखा आंबूस वास आला तर टाकी पूर्ण रिकामी करा. जुन्यात नवं मिसळून भागत नाही.

आता प्लग. पात्यांना किंवा फ्लायव्हीलला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढून बाजूला सारायची, हा नियम कायमचा. तपासणी अशी: चोक लावून पाच-सहा वेळा ओढा आणि इंजिन लागलं नाही तर लगेच प्लग काढा. टोक कोरडं खडखडीत असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओलं असेल तर पेट्रोल येतंय, पेटत नाही. कोरडं आहे असं दिसलं तर प्लगच्या भोकातून चहाच्या चमच्याच्या चौथाईइतकं पेट्रोल टाका, पेट्रोलचा डबा लांब ठेवा, प्लग लावून ओढा. दोन सेकंद भडकून बंद पडलं तर करंट आणि कॉम्प्रेशन बऱ्यापैकी आहे, खोट पेट्रोलच्या वाटेवर आहे. काहीच हूं की चूं नाही, तर आधी करंट बघायचा.

तुमच्या नव्या प्लगचा गॅप मोजला होता का? डब्यातून आला तसा लावला असेल तर मोजा. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या या जातीच्या इंजिनांना ०.०३० इंच, म्हणजे ०.७६ मिमी लागतो. तात्पुरता ०.६ करून पाहा. तेवढ्याने इंजिन लवकर लागलं तर समजा की करंट मार खातोय आणि खरी दुरुस्ती पुढे आहे.

प्लग सिलिंडर हेडला टेकवून ठिणगी बघायची पद्धत सगळेच वापरतात, पण ती अर्धीच खरी. उघड्या हवेत ठिणगी सहज उडते, दाबाखालच्या मिश्रणात तिला खूप जास्त व्होल्टेज लागतं. साधा स्पार्क टेस्टर आणा. त्यातलं सुमारे ४ मिमीचं अंतर दोरीच्या वेगावर ठिणगीने खणखणीत ओलांडलं पाहिजे, निळी आणि टकटक आवाज करणारी. नारिंगी, बारीक, कधी आहे कधी नाही अशी ठिणगी म्हणजे मॅग्नेटो उघडायची वेळ झाली. ही तपासणी करताना प्लगचं भोक झाकून ठेवा. त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असते.

उघडण्याआधी एक सोपं काम. इंजिन बंद करायच्या स्विचची वायर कॉइलपासून (मॅग्नेटोतलं, ठिणगीचं व्होल्टेज वाढवणारं तारेचं वेटोळं) सोडवा आणि पुन्हा ठिणगी बघा. ही वायर हँडलपासून खालपर्यंत येताना कुठेतरी घासून अर्थ होते. पूर्ण अर्थ झाली तर इंजिन लागतच नाही. ओल्या मातीने, गंजाने अर्धवट अर्थ झाली तर करंट थोडा थोडा चोरते, आणि हेच जास्त त्रासाचं. वायर काढून इंजिन चालू केलंत तर ते बंद कसं करायचं हे आधी ठरवा: पेट्रोलचा कॉक बंद करा नाहीतर चोक पूर्ण लावा.

पॉइंट फ्लायव्हीलच्या खाली, छोट्या झाकणाआड असतात. त्यासाठी फ्लायव्हील काढावं लागतं. पंख्याच्या पात्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवून नट फिरवू नका, पातं तुटलं की फ्लायव्हीलचा तोल गेला. पट्ट्याचा पाना वापरा. काही जुन्या इंजिनांवर नटाऐवजी स्टार्टरचा क्लचच आट्यांवर बसवलेला असतो, त्याला त्याचं हत्यार लागतं. फ्लायव्हील निघत नाही म्हणून क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकावर हातोडा मारायचा नाही. पुलर आणा.

फ्लायव्हील निघालं की पॉइंटच्याही आधी ती छोटी चावी बघा, जी फ्लायव्हील आणि क्रँकच्या खाचेत बसते. ती मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. पातं दगडात अडकून इंजिन झटक्याने थांबलं की चावी अर्धवट कातरली जाते आणि फ्लायव्हील केसभर सरकतं. बाहेरून काही दिसत नाही, टायमिंग मात्र गेलेलं असतं. चावी बोटात धरून उजेडात बघा. तिच्या कडेला मधोमध पायरी दिसली, नख अडकलं, तर बदला, आणि बदलताना तशीच मऊ आणा, लोखंडाची टिकाऊ म्हणून करून घेऊ नका. दोरी ओढताना कधी तुमचा हात उलटा हिसकला गेला असेल तर ही चावी पहिली संशयित. फ्लायव्हील परत बसवताना त्याचं उतरतं भोक आणि क्रँकचं टोक कोरडं, स्वच्छ पुसा. फ्लायव्हील धरून ठेवण्याचं काम चावीचं नाही, त्या कोरड्या उताराचं आणि नीट कसलेल्या नटचं आहे.

आता पॉइंट. नुसते पडून राहिले तरी त्यांच्या तोंडावर राखाडी थर येतो. अगदी बारीक पॉलिश पेपर दुहेरी घडी करून दोन तोंडांमध्ये सरकवा, हलक्या हाताने घासा. मग कोऱ्या पांढऱ्या कागदाची पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवून पॉइंट मिटलेले असताना मधून ओढा. पट्टीवर काळी रेघ उमटेल. नवी पट्टी घ्या, पुन्हा ओढा, रेघ येईनाशी होईपर्यंत. त्यानंतर पॉइंट पूर्ण उघडे असतील अशा जागी क्रँक आणून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचं मापक) ०.०२० इंच, म्हणजे ०.५ मिमी गॅप ठेवा. इथे बारकावा असा की फिलर गेजच्या पात्यांना गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं. पातं न पुसता घातलंत तर आत्ताच घासलेल्या तोंडांवर तेलाचा पापुद्रा बसतो आणि ठिणगी पुन्हा गायब. गॅप लावून झाल्यावर कोऱ्या कागदाची आणखी एक पट्टी ओढून काढा. बरेच जण इथेच फसतात आणि मग कॉइल गेली म्हणून नवी आणतात.

पॉइंटवर दरवेळी ऑइल येत असेल तर त्यांना ढकलणारी दांडी जिथून येते ते भोक झिजलंय किंवा क्रँकचं सील गेलंय. ते न करता पॉइंट कितीही साफ केले तरी महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. पॉइंटची तोंडं जळून काळी पडली असतील, एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे टेकडी झाली असेल, तर कंडेन्सर बदला. माझ्या मते उघडलंच आहे तर तो तसाही बदलावा. पॉइंट-कंडेन्सरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायचा पर्यायही आहे. ब्रिग्जने स्वतः १९८२ पासून पॉइंट सोडून इलेक्ट्रॉनिक पद्धत धरली. पण मूळ कॉइल कमजोर असेल तर मॉड्यूल काही तिला ताकद देत नाही.

शेवटी कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर. कॉइलच्या पायांवरचा आणि फ्लायव्हीलच्या चुंबकावरचा गंज घासून काढा, मधे जाडसर पोस्टकार्डाचा तुकडा ठेवा, चुंबकाला कॉइल ओढू द्या आणि स्क्रू कसा. ०.२५ ते ०.३५ मिमी एवढंच हवं.

पेट्रोलच्या वाटेवर मी एवढा वेळ घालवणार नाही, कारण कार्ब्युरेटर तुम्ही धुतलाय. पण ‘धुतला’ म्हणजे काय ते विचारायला हवं. नुसता बुडवून फुंकर मारली असेल तर मोठा जेट मोकळा होतो, इंजिन लागल्यावर चालतंही, आणि स्टार्टिंग व आयडलची बारीक वाट बंदच राहते. तुमच्या लक्षणांशी हे जुळतं. प्रत्येक जेट काढून उजेडासमोर धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. साफ करायला विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार घ्या, लोखंडी सुई नको, तिने भोक मोठं होतं. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून एक ते दीड फेरा उघडा, बाकीची बारीक जुळवणी इंजिन गरम झाल्यावर.

त्यापेक्षा एअर फिल्टर काढून चोकची पट्टी बघा. लिव्हर पूर्ण ओढल्यावर ती खरोखर पूर्ण मिटते का? जुन्या रोटाव्हेटरवर हँडलपासून येणारी केबल सैल पडते, वर लिव्हर शेवटपर्यंत जातो आणि खाली पट्टी पाव उघडी राहते. थंड इंजिनासाठी तेवढी फट पुरते. हाताने पट्टी मिटवून दोरी ओढून पाहा. एवढ्याने लागलं तर केबलचा स्क्रू सरकवायचा आणि काम संपलं. तुमचा कार्ब्युरेटर टाकीवरच बसवलेला, डायफ्रामवाला असेल तर तो पातळ पडदा बघा. पुठ्ठ्यासारखा ताठ झाला असेल तर पेट्रोल वर येणारच नाही.

टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक, कॉकमधली जाळी, आणि पाइप काढल्यावर एकसारखी धार येते की थेंब थेंब, हे मिनिटाभरात कळतं. कार्ब्युरेटर आणि इंजिनामधलं पॅकिंग मात्र नीट बघा. तिथून हवा ओढली जात असेल तर मिश्रण पातळ होतं आणि दोरीच्या वेगावर पेटत नाही. त्या सांध्याभोवती सगळीकडून ग्रीसचा जाड लेप द्या आणि स्टार्ट करून पाहा. चटकन लागलं तर पॅकिंग बदला आणि फ्लँज सपाट आहे का ते काचेवर ठेवून तपासा. गरम इंजिनावर स्प्रे मारून गळती शोधायची पद्धत आहे, पण आगीच्या भीतीने मी ती टाळतो. स्टार्टिंग स्प्रेचंही तसंच. रोज तो मारून इंजिन उठवत राहिलात तर सिलिंडरवरचा ऑइलचा थर धुतला जातो आणि आहे ते कॉम्प्रेशनही जातं.

कॉम्प्रेशनसाठी गेज लावायच्या फंदात पडू नका. या इंजिनांच्या कॅमवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्याच्या दांड्यावर) दोरी हलकी जावी म्हणून सुरुवातीला व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवायची सोय असते, त्यामुळे चांगल्या इंजिनाचा आकडाही कमी येतो आणि माणूस उगाच घाबरतो. प्लगची टोपी काढून ठेवा, प्लग जागेवर राहू द्या आणि फ्लायव्हील हाताने उलट्या दिशेला झटक्यात फिरवा. ते ठणकन परत उसळलं तर कॉम्प्रेशन चांगलं. मऊपणे थांबलं तर गळती आहे. मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून, चार वेळा फिरवून पुन्हा तपासा. सुधारलं तर रिंगा झिजल्यात, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग. हेडच्या कडेला काळा ओघळ दिसत असेल तर पॅकिंग फुंकलंय.

आता गरम असताना न लागण्याबद्दल. यातल्या दोन मुख्य शक्यता अगदी वेगवेगळ्या आहेत आणि दोन्हींवरचा खर्च आणि मेहनतही वेगळी, म्हणून अंदाजावर काही विकत आणू नका. पहिली शक्यता कॉइल किंवा कंडेन्सर. कॉइलची बारीक तार आतून तुटत आलेली असली की गरम झाल्यावर तुटलेली टोकं लांब जातात, थंड झाल्यावर पुन्हा टेकतात. दुसरी शक्यता टॅपेटची, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्हच्या दांडीमधल्या, व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या तुकड्याची. वर्षानुवर्षं चालून व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत जातो, दांडीच्या टोकाशी असलेली मोकळीक कमी होते. थंड असताना व्हॉल्व्ह कसाबसा मिटतो. गरम झाला की दांडी लांबते, खाली टॅपेटला टेकते आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. कॉम्प्रेशन गेलं.

साइड व्हॉल्व्हच्या इंजिनाला हे माप लावायला स्क्रू नसतो. व्हॉल्व्ह काढून दांडीचं टोक अगदी थोडं, सरळ काटकोनात घासावं लागतं. ब्रिग्जच्या ५ हॉर्सपॉवरच्या इंजिनांना इनटेकला ०.००५ ते ०.००७ इंच आणि एक्झॉस्टला ०.००९ ते ०.०११ इंच मोकळीक हवी असते. ती थंड इंजिनावर, कॉम्प्रेशनच्या फेरीत पिस्टन सगळ्यात वर जाऊन पाव इंच खाली आल्यावर मोजायची, नाहीतर कॅमवरची ती सोय मध्ये येऊन माप चुकतं. तुमच्या इंजिनाचा मॉडेल नंबर वरच्या पत्र्याच्या झाकणावर ठोकलेला असेल, तर त्याच्या पुस्तकातलं माप धरा. व्हॉल्व्ह काढलेच आहेत तर लॅपिंग पेस्टने (घासून जुळवायच्या खरखरीत मलमाने) सीटवर फिरवून घ्या आणि दांडीवर चिकटलेला डिंकासारखा थर खरवडून काढा. आधी लॅपिंग, मग माप; उलट केलंत तर पुन्हा घासावं लागेल.

कधी कधी दोन्ही ठीक असतात आणि गरम इंजिनाच्या उष्णतेने कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून इंजिन ओव्हर झालेलं, म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलेलं असतं, त्यात आपण सवयीने चोक लावतो. प्लग चिंब ओला निघाला तर तोच प्रकार. चोक पूर्ण उघडा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि सात-आठ वेळा ओढा.

म्हणून आधी बेल्ट, बंद करायच्या स्विचची वायर, प्लगचा गॅप आणि चोकची पट्टी एवढं करा, यात काही विकत आणायचं नाही. मग रोटाव्हेटर नेहमीसारखा अर्धा तास चालवा, बंद करा आणि जेव्हा लागत नाही नेमकं तेव्हाच स्पार्क टेस्टर लावा. ठिणगी आहे की नाही, आणि फ्लायव्हील उलटं फिरवल्यावर थंड असताना उसळतं तसंच उसळतं की मऊ पडतं, हे दोन सांगा. हात भाजू नये म्हणून हातमोजे घाला, एक्झॉस्ट तिथेच शेजारी असतो. त्यानंतर कॉइल आणायची की हेड उघडायचं ते ठरवू.